मदत हवी आहे: पायरुव्हेट एमआरआयमधला लॅक्टेटचा सिग्नल नक्की काय सांगतो?

मंडळी, माझं शिक्षण भौतिकशास्त्राचं. एनएमआर (चुंबकीय क्षेत्रातल्या अणुकेंद्रकांचा सिग्नल, एमआरआयचा पाया) कळतं, जीवरसायनाशी बारावीनंतर संबंध नाही. आता विभागात सेमिनार द्यायचाय, विषय हायपरपोलराइज्ड कार्बन-१३ पायरुव्हेट, म्हणजे ग्लुकोजच्या विघटनातून बनणारा पायरुव्हेट हा रेणू, ज्यातल्या कार्बन-१३ चा सिग्नल एमआरआयसाठी आधीच प्रचंड वाढवलेला असतो.

यंत्राचा भाग डोक्यात बसलाय. पायरुव्हिक ॲसिडमध्ये थोडं फ्री रॅडिकल मिसळायचं, १ केल्विनच्या आसपास थंड करून मायक्रोवेव्ह सोडायच्या, मग गरम द्रावकात झटक्यात विरघळवायचं. २००३ च्या मूळ पेपरात सिग्नल १०,००० पटींहून जास्त वाढलाय! पण द्रावणात टी-१ (हा वाढवलेला सिग्नल ओसरण्याचा काळ) जेमतेम मिनिटभर, शरीरात त्याहून कमी, त्यामुळे सगळी धावपळ दोन-तीन मिनिटांची. गॅडोलिनियमने (एमआरआयमधलं नेहमीचं कॉन्ट्रास्ट औषध) रक्त कुठवर पोचलं आणि कुठे झिरपलं एवढंच कळतं. इथे पायरुव्हेट आणि त्यापासून बनणारं लॅक्टेट वेगवेगळ्या वारंवारतेला, १७१ आणि १८३ पीपीएमला, वेगळं दिसतं.

अडलोय ते पुढे. कॅन्सरच्या उपचारानंतर गाठीतला लॅक्टेटचा सिग्नल उतरतो, तो कशामुळे? एलडीएच (पायरुव्हेटचं लॅक्टेट करणारं एन्झाइम) मंदावलं, पायरुव्हेट पेशीत शिरलंच नाही, की रक्तपुरवठा घटला? लॅक्टेट-पायरुव्हेट गुणोत्तर घेतलं की रक्तपुरवठ्याचा प्रश्न मिटतो असं आमचे एक सर म्हणतात. मला पटत नाहीये. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

नव्याने तयार झालेलं लॅक्टेट मोजतोय असं तुम्ही धरून चाललाय, घोळ तिथे आहे. एलडीएच दोन्ही दिशांनी चालतं. पेशीत आधीच साठलेल्या लॅक्टेटशी कार्बन-१३ ची अदलाबदल होते. साठा मोठा असेल तर सिग्नल वाढतो, मग एकूण लॅक्टेट तसूभरही वाढलेलं नसो.

केंब्रिजच्या ब्रिंडल यांच्या गटाने २००७ मध्ये उंदरांतल्या लिम्फोमावर (लसीका पेशींचा कॅन्सर) एटोपोसाइड हे केमोथेरपीचं औषध देऊन हे पाहिलं. सिग्नल उतरला, पण कारणं तीन निघाली: एलडीएचला लागणारं सहएन्झाइम एनएडी(एच) घटलं, एलडीएच कमी झालं आणि पेशीही मेल्या. केंब्रिजचंच स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णांवरचं २०२० चं काम बघा. तिथे गुणोत्तराचं नातं एमसीटी१ शी लागलं, म्हणजे पायरुव्हेट आत घेणाऱ्या प्रथिनाशी.

सरांचं अर्धंच बरोबर. पायरुव्हेटचा बराचसा सिग्नल रक्तवाहिन्यांमधलाच असतो, त्यामुळे छेदात रक्तपुरवठा शिल्लक राहतोच.

धागाकर्ता

आभारी आहे! मग त्याच बैठकीत गॅडोलिनियम देऊन रक्तपुरवठा वेगळा मोजला तर?

प्रतिसाद १

मोजा की, पण पायरुव्हेटचं स्कॅन उरकल्यावर. आधी दिलंत तर टी-१ आणखी घटेल आणि कमावलेला सिग्नल हातचा जाईल.