व्हॅक ड्रेसिंग : कडेची कातडी पुढे येत नाही, शोषण वाढवून घ्यावे का?

धागाकर्ती, नंदनवन
माझ्या सासऱ्यांच्या तळपायाची मधुमेहाची जखम साफ करून शल्यचिकित्सकांनी व्हॅक ड्रेसिंग (जखमेत फोम भरून, वरून फिल्म चिकटवून यंत्राने आतले पाणी शोषून घेणारे ड्रेसिंग) लावले आहे. यंत्र भाड्याने घेऊन घरीच चालवतो. नऊ दिवसांत तळ लालबुंद झाला, डबीत पाणीही रोज साचते, परंतु कडेची कातडी तसूभरही पुढे सरकलेली नाही. शोषणाचा दाब १२५ (मिलिमीटर पारा) वर आहे. तो वाढवण्याचा आग्रह डॉक्टरांकडे धरावा का, याविषयी अनुभवी मंडळींचा सल्ला हवा आहे.

पेशीशास्त्र शिकवणारी, धरमपेठ
ताई, आग्रह धरू नका. यंत्र कातडी ओढून आणत नाही. कडेच्या पेशी स्वतःच रांगत येतात. पुढच्या बाजूला त्या पातळ, पंख्यासारखा पदर पसरतात, त्याने तळाची पकड घेतात आणि मागचे अंग ओढतात. एरवी त्या ई-कॅडहेरिन या प्रथिनाने एकमेकींना घट्ट धरून असतात. प्रयोगशाळेतील पेशींना १२५ मिलिमीटर पाऱ्याइतका ऋण दाब (म्हणजे शोषण) दिल्यावर ही पकड सैल होऊन त्या अधिक वेगाने सरकलेल्या दिसल्या आहेत. मात्र बशीतल्या पेशींना ना साखरेचा त्रास, ना चालणाऱ्या पायाचा भार, त्यामुळे तो वेग घरच्या जखमेत जसाच्या तसा मिळेल असे मी म्हणणार नाही.

जखमेत यंत्राचे मोठे काम तळाशी होते. फोमची छिद्रे ४०० ते ६०० मायक्रॉनची असतात. त्यांत पृष्ठभाग बारीक फुगवट्यांनी ओढला जातो, ताणलेल्या पेशी विभाजनाकडे वळतात आणि मांसांकुर (नवे लाल मांस) भरतात. खड्डा भरून कडेच्या पातळीला आला की कातडीला वाट मिळते, म्हणून लाल तळ आधी आणि कातडी नंतर, हा क्रम योग्यच आहे. दाबाविषयी सांगायचे तर, १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या, डुकरांवरील प्रयोगांत १२५ ला रक्तप्रवाह चौपट झाला होता, तर ४०० आणि त्यापुढे तो उलट मंदावला.

निवृत्त परिचारिका, मेडिकल चौक परिसर
वरील माहितीला ड्रेसिंगच्या बाजूने पुस्ती जोडते. फोम जखमेच्या मापाचाच कापलेला आहे ना, हे पाहा. चांगल्या कातडीवर तो चढला तर कड ओलावून पांढरी पडते आणि तशा कडेवरून पेशी पुढे येत नाहीत. ड्रेसिंग साधारण ४८ ते ७२ तासांनी बदलतात आणि यंत्र दिवसातून दोन तासांहून अधिक बंद ठेवत नाहीत, तेव्हा वीज गेल्यास बॅटरी किती टिकते हे आधीच तपासा. आपल्याकडच्या मे महिन्यात बोटांच्या बेचक्यात घाम येऊन वरची पारदर्शक फिल्म सुटते आणि गळतीचा इशारा वाजत राहतो. कातडी नीट कोरडी करून मगच फिल्म चिकटवावी.

आत घातलेल्या फोमचे तुकडे मोजून आकडा फिल्मवर लिहायला सांगा. माझ्या आईच्या जखमेत एक तुकडा राहिला होता आणि मांस त्याच्या छिद्रांत शिरल्याने तो काढताना रक्त आले, म्हणून हा आग्रह. सासरे रक्त पातळ करणारी गोळी घेत असतील तर ती गोष्ट डॉक्टरांना आजच सांगा. डबीत लाल रक्त दिसले तर यंत्र थांबवून जखमेवर दाब द्या आणि तातडीने रुग्णालय गाठा. पायाचा रक्तप्रवाह डॉपलरने तपासला आहे का, हेही विचारा.

धागाकर्ती
आपणा दोघींचे आभार. आज ड्रेसिंग बदलताना मुद्दाम पाहिले : फोम टाचेकडच्या कातडीवर बोटभर चढला होता आणि तेवढीच कड पांढरी, सुरकुतलेली होती. बाकीच्या कडेला, बारीक पाहिल्यावर, मोत्यासारखी फिकट गुलाबी किनार दिसली. गोळी चालू आहे, डॉपलर झालेला नाही. दोन्ही गोष्टी उद्या सकाळी डॉक्टरांना सांगते.