फुकटचा गाळ शेतात घ्यायचा का? माझं मत: आधी रिपोर्ट, मग ट्रॉली

गोदाकाठ (धागाकर्ता)

परवा आमच्या शिवारात, निफाड तालुक्यात, एक जण ट्रॅक्टर घेऊन फिरत होता. म्हणे एमआयडीसीतल्या कंपनीचं खत आहे, एक रुपया देऊ नका, भाडंपण आमचंच, तुम्ही फक्त जागा दाखवा. शेजारच्या भाऊंनी दोन ट्रॉल्या बांधावर खाली करून घेतल्या. मी जाऊन हातात घेऊन बघितलं तर करडा-हिरवट चिकट गाळ, शेणखताचा वास नाही, वाळलेली ढेकळं दगडासारखी. कंपनी कोणती विचारलं तर नाव सांगेना, रिपोर्ट मागितला तर म्हणे पुढच्या खेपेला आणतो.

भाऊंना दोष देत नाही. शेणखत मिळत नाही, मिळालं तर परवडत नाही, आणि द्राक्षाच्या खरड छाटणीला बोदात (वेलीच्या ओळीच्या वरंब्यात) काहीतरी भरावंच लागतं. पण माझं म्हणणं एवढंच की ज्या गाळाचा रिपोर्ट नाही तो शेतात नको. नत्र जास्त झालं तर वेल माजेल, एक हंगाम वाया जाईल, पुढच्या वर्षी सुधारेल. क्रोमियम, निकेल, कॅडमियम, शिसं हे असं जात नाही, पिकाने उचललं तर थोडं उचलतं नाहीतर तिथंच बसतं. एकराची वरची सहा इंच माती धरली तर साधारण ९ लाख किलो भरते. त्यात ५ टन सुका गाळ टाकला आणि त्यात किलोमागे १००० मिलिग्रॅम क्रोमियम असेल तर एकरात ५ किलो क्रोमियम गेलं, म्हणजे मातीत किलोमागे साडेपाच मिलिग्रॅमची भर. एका खेपेत काही दिसणार नाही, बाग हिरवीगारच राहील, पण दहा वर्षं हेच केलं तर? आणि ते परत काढायचं कसं, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

सगळ्यांची मतं हवीत.

काळी_माती

गोदाकाठ, तुमचा मुद्दा कळतो पण तुम्ही सगळ्या गाळाला एकाच दावणीला बांधताय. आपल्या जमिनीत सेंद्रिय कर्ब किती राहिलाय ते आधी बघा, बऱ्याच जणांच्या माती परीक्षणाच्या कार्डावर अर्धा टक्कापण नसतो. दूध प्लांटचा, टोमॅटो केचपवाल्यांचा गाळ, वायनरीचा चोथा, साखर कारखान्याचं प्रेसमड (उसाच्या रसाची मळी) हे सगळं जमिनीतूनच आलेलं आहे, ते जमिनीत परत गेलं पाहिजे. मी ६ वर्षं प्रेसमड कुजवून वापरतोय, कांद्याला फरक डोळ्याला दिसतो. दुसरं म्हणजे आपली माती चुनखडीची, सामू (पीएच) ८ च्या आसपास, अशा मातीत बहुतेक धातू विरघळत नाहीत, मुळांना मिळतच नाहीत. आम्ल जमिनीची भीती इथं आणून लोकांना घाबरवू नका.

ईटीपीवाला

मी अंबड-सातपूर भागात ११ वर्षं ईटीपी (कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट) चालवतोय म्हणून लिहितो. काळी_माती यांचं सामूचं म्हणणं बरोबर आहे, क्रोमियमबद्दलसुद्धा अर्धं बरोबर आहे. सहा संयुजेचं क्रोमियम सेंद्रिय पदार्थ असलेल्या मातीत तीन संयुजेचं होतं, ते कमी विषारी आणि हलत नाही. पण मातीतले मॅंगनीजचे ऑक्साइड त्यातलं थोडं परत सहावर नेऊ शकतात. त्यामुळे सामू जास्त आहे म्हणून निर्धास्त राहू नका.

पण मुख्य गोष्ट वेगळीच आहे. गोदाकाठ यांनी जे वर्णन केलंय, करडा-हिरवट आणि वाळल्यावर दगड, ते मला प्लेटिंगच्या (धातूवर मुलामा द्यायच्या कामाच्या) स्लजसारखं, म्हणजे गाळासारखं वाटतंय. रंगावरून खात्री देत नाही, रिपोर्टच लागेल. पण तसं असेल तर १००० मिलिग्रॅमचं गणित विसरा, त्यात धातू टक्क्यांत मोजतात. २ टक्के धरलं तर त्याच ५ टनात १०० किलो झालं. हा माल खत नाहीच. २०१६ च्या घातक कचरा नियमांच्या पहिल्या अनुसूचीत तो नावानिशी आहे, कंपनीने ९० दिवसांच्या आत रांजणगाव नाहीतर तळोजासारख्या घातक कचऱ्याच्या विल्हेवाट केंद्रावर पाठवायचा, सोबत मॅनिफेस्ट (माल कुठून कुठं गेला याचा कागद), त्याच्या सात रंगांच्या सात प्रती. तिथली टनामागची फी आणि गाडीभाडं वाचवायला कोणीतरी ट्रॅक्टरवाल्याला चार पैसे देतो आणि माल शिवारात येतो. फुकट देणाऱ्याचा फायदा कुठं आहे ते यातून कळेल.

सिन्नरकर

बंदी बंदी करून काय झालं ते आम्ही बघितलंय. आमच्याकडं एका डिस्टिलरीचं स्पेंटवॉश (अल्कोहोल काढून उरलेलं पाणी) आधी शेतकरी मागून घ्यायचे, पालाश भरपूर असतं त्यात. मग नियम कडक झाले, शेतात टाकायचं बंद, आणि रात्री टँकर नाल्यात सुटायला लागले. नाला चॉकलेटी, खालच्या विहिरींचं पाणी चॉकलेटी. एक लिटर अल्कोहोलमागे ८ ते १५ लिटर स्पेंटवॉश निघतं, ते कुठंतरी जाणारच ना. निदान शेतात मोजून टाकलं तर उपयोग तरी होतो. कागद वाढवले की चोरी वाढते, माझं हे स्पष्ट मत आहे.

गोदाकाठ

सिन्नरकर दादा, विहिरीचं वाचून वाईट वाटलं. पण "मोजून" हा शब्द तुम्हीच वापरलात, आणि मोजलं तर कोणी नाही. मोजणं म्हणजेच नियम. टँकर आला, पाइप सोडला, वाफ्यात तळं झालं की पुढचा टँकर. पालाशसोबत क्षारपण येतात ते कोण बघतंय, द्राक्षाला क्लोराइड सोसत नाही म्हणून तर आपण क्षार सोसणाऱ्या डॉगरीज खुंटावर बागा लावल्या.

इंग्लंडमधे कसं आहे ते वाचलं म्हणून सांगतो. तिथं कंपनीचा गाळ शेतात टाकायला बंदी नाही, पण प्रत्येक जमिनीसाठी आधी अर्ज, सोबत गाळाचा रिपोर्ट, मातीचा रिपोर्ट आणि या जमिनीला याचा नेमका काय फायदा हे जाणकाराने लिहून द्यायचं. ओढ्यापासून १० मीटर, विहीर-बोअरपासून ५० मीटर सोडायचे. पाणी साचलेल्या जमिनीवर टाकायचं नाही. फायदा दाखवता आला नाही तर ती कचऱ्याची विल्हेवाट, खत नाही. मला हीच रेघ आपल्याकडं हवी आहे.

काळी_माती

५० मीटर म्हणे! त्रिज्या ५० मीटर धरून विहिरीभोवती गोल काढा, जवळजवळ २ एकर होतात. आमचा तुकडाच दीड एकराचा, त्यात आमची विहीर, चुलत्याची बोअर आणि कडेला नाला. मग टाकायचं कुठं? तिकडच्या शे-दोनशे एकराच्या शेताचा नियम इथं चालत नाही.

गोदाकाठ

मग त्या तुकड्यात टाकायचा नाही. कडू वाटेल पण ज्या विहिरीचं पाणी घरात पितात तिच्या शेजारी टाकायचा नाही, तुकडा लहान आहे म्हणून झिरपणं लहान होत नाही. प्रेसमड कुजवून वापरताय त्याला माझा विरोध नाही, आधीच सांगायला हवं होतं, ते माझ्याकडून राहिलं.

मेथी_कोथिंबीर

मी बाई भाजीपाला करते, मखमलाबादकडं. सगळे धातूंवर बोलताय पण एसटीपीच्या (शहराचं मैलापाणी शुद्ध करायच्या प्लांटच्या) गाळाचं कोणी बोलेना. कुंभासाठी एसटीपी वाढवतायत, २०२७ नंतर गाळपण वाढणार आणि तो शेतकऱ्यांनाच दाखवणार. त्यात जंतांची अंडी असतात, ती महिनोन्‌महिने मरत नाहीत, आणि मेथी-कोथिंबीर मुंबईला जाते तिथं लोक कच्ची खातात. इंग्लंडमधे कच्चं खायच्या भाजीला गाळ टाकल्यापासून काढणीपर्यंत १० महिने जावे लागतात. अमेरिकेत १९९३ पासून नियम आहे, अर्धवट प्रक्रिया केलेला गाळ असेल तर जमिनीला टेकणाऱ्या पिकाला १४ महिने, आणि कांद्या-गाजरासारख्या जमिनीतल्या पिकाला २० महिने, गाळ लगेच मातीत मिसळला असेल तर ३८. आपण वर्षात तीन पिकं घेतो. ३८ महिने कोण थांबणार सांगा. म्हणून माझ्या मते एसटीपीचा गाळ पूर्ण उष्णतेची प्रक्रिया झालेला असेल तरच, नाहीतर रोपवाटिका, झाडं, रस्त्याकडेचे दुभाजक इथंच वापरावा.

ईटीपीवाला

ताई, बरोबर. त्यात आणखी एक. गटाराला कारखान्याचं पाणी जोडलेलं असेल तर एसटीपीच्या गाळातपण धातू उतरतो, गाळ भाजून जंत मरतात, धातू मरत नाही. म्हणून सुरुवात कारखान्याच्या नळीपासून करावी लागते. आणि अमेरिकेचं इतकं चांगलं म्हणू नका, त्यांच्या यादीत जे रसायन नव्हतंच ते, पीफास (वर्षानुवर्षं न मोडणारं कारखानी रसायन), शेतात साचलं आणि मेन राज्याने २०२२ मधे गाळ पसरायलाच बंदी केली. स्वित्झर्लंडने तर त्याच्या कितीतरी आधी बंद केलं.

सिन्नरकर

म्हणजे नियम असूनपण फसले की. मग आम्ही कशावर विश्वास ठेवायचा?

ईटीपीवाला

रिपोर्टवर, तो पण स्वतः केलेल्या. खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टला मर्यादा दिल्यात, किलोमागे क्रोमियम ५०, निकेल ५०, शिसं १००, कॅडमियम ५, पारा ०.१५ मिलिग्रॅम. कोणी खत म्हणून देत असेल तर निदान या आकड्यात बसतं का तेवढं विचारा. जो विचारल्यावर पळतो त्याचं उत्तर मिळालं.

गोदाकाठ

२०१० ला द्राक्षात सीसीसीचा (वेलीची वाढ रोखायच्या औषधाचा) अंश सापडला म्हणून युरोपने आपले कंटेनर अडवले तेव्हा काय झालं ते इथल्या प्रत्येक बागाईतदाराला आठवतंय. तेव्हा निदान औषध बदलता आलं. माती बदलता येत नाही, आणि बँकेत गहाण आहे ती तीच माती. म्हणून मला वाटतं गाळ घेतला तर गट नंबर, तारीख, टन आणि कोणाकडून याची नोंद ग्रामपंचायतीत हवी, उद्या जमीन विकत घेणाऱ्याला ते कळलं पाहिजे.

भाऊंशी काल बोललो. ढीग अजून बांधावरच आहे, पसरवला नाही, वरून ताडपत्री टाकलीय. मातीचं कार्ड काढून बघितलं तर त्यात धातूंचं काहीच दिसेना?

ईटीपीवाला

नसणारच, कार्डावर १२ गोष्टी असतात, सामू, क्षार, कर्ब, नत्र-स्फुरद-पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मॅंगनीज, बोरॉन. क्रोमियम, निकेल, शिसं, कॅडमियम लॅबला वेगळं सांगावं लागतं, एकूण धातू असं लिहून द्या. ढिगातून आणि ढिगाखालच्या मातीतून वेगवेगळे नमुने घ्या. लोखंडी घमेलं वापरू नका, प्लास्टिकची बादली आणि लाकडी खुरपं घ्या. ढीग स्वतः उचलून दुसरीकडं टाकू नका, मग तो तुमच्या नावावर येतो. फोटो काढा, ट्रॅक्टरचा नंबर असेल तर लिहा आणि सातपूरला उद्योग भवनात प्रदूषण मंडळाच्या ऑफिसला लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

गोदाकाठ

नंबर भाऊंच्या पोराने मोबाइलमधे टिपलाय. सोमवारी दोघं जातोय.