मदत हवी आहे: उन्हाळ्यात शेवंतीची रोपं कशी जगवायची?

नमस्कार मंडळी. मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. यंदा अंगणात पिवळी आणि पांढरी शेवंती अशी फुलली की पानं दिसत नव्हती. संक्रांतीच्या वाणासोबत प्रत्येकीला दोन-दोन फुलं दिली, तरी झाडं भरलेलीच! आता फुलं सुकली, आणि बुडाशी भरपूर पिलं फुटली आहेत.

मागच्या वर्षी अशीच पिलं काळ्या मातीत लावली होती. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात गेला. जमिनीला भेगा पडल्या, मी घाबरून रोज पाणी घातलं, तर मुळंच सडली. एकही रोप वाचलं नाही. फार जीव लागला होता.

यंदा पिलं कुंडीत, काळी माती, रेती आणि शेणखत सारखं घेऊन, कडुनिंबाखाली ठेवावीत असं वाटतं. जुनी झाडं आत्ताच बुडापासून चार बोटं ठेवून छाटू का? हिरवी जाळी लागेल, की निंबाची सावली पुरेल? मोगऱ्याची छाटणी झाली, त्याची चिंता नाही.

विदर्भातल्या उन्हात शेवंती जगवलेल्यांनी कृपया सांगावं.