मनगट धरलं तर काय, आणि त्याच्या आधी काय?

प्रश्न: नागपुरात बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) संध्याकाळच्या गर्दीत गाडीचा धक्का लागला की लोक लगेच अंगावर येतात. मुलगी रोज तिथूनच जाते. महिनाभरात तिला काय शिकवता येईल?

उत्तर: भाऊ, आधी अंतर. दोन हातांचं ठेवायचं, एक पाय मागे, दोन्ही तळवे छातीसमोर उघडे. पाहणाऱ्याला ती विनवणी वाटते, पण हात चेहऱ्याजवळ तयार असतात. 'शांत व्हा' म्हणू नये, माणूस जास्तच भडकतो. 'चुकलं, गाडी बाजूला घेते' एवढंच, हळू आवाजात. त्याला निघायला वाट मोकळी ठेवायची.

मनगट धरलं तर सरळ मागे ओढू नये. इथेच सगळे फसतात, कारण झुंज चार बोटांशी होते. पकड सुटते अंगठ्याच्या बाजूनं. हाताची कड त्याच्या अंगठा आणि बोटांमधल्या फटीकडे वळवायची, अर्धं पाऊल पुढे टाकत कोपर समोरच्याकडे न्यायचं, मग झटका. दोन्ही हातांनी दहा-दहा वेळा, आणि धरणाऱ्यानं दर आठवड्याला जोर वाढवायचा. ढिल्या पकडीवरचा सराव रस्त्यावर कामाचा नाही.

चाकू दिसला की वरचं सगळं विसरा. पर्स एका बाजूला फेकायची, पळायचं दुसऱ्या बाजूला, उजेडाच्या दुकानाकडे. मग ११२.

प्रश्नकर्ता: मिरचीचा स्प्रे?

उत्तर: चालेल, पण बॅगेच्या तळाशी नको. वारा समोरून असेल तर आपल्याच डोळ्यात येतो. आणि भारतीय न्याय संहितेची कलमं ३४ ते ४४ वाचा: स्वसंरक्षणाचा हक्क आहे, पण गरजेपुरताच. पळणाऱ्याला गाठून हाणणं त्यात बसत नाही.