'अजिंक्य' नको, मग काय?

लघुकथा लिहितेय. सहा वर्षांचा मुलगा, मे महिन्यातली दुपार, आणि आपल्याला काही म्हणजे काही होऊ शकत नाही ही त्याची पक्की खात्री. याला शब्द काय? 'अजिंक्य' लिहिलं की साताऱ्याचा किल्लाच डोळ्यांपुढे येतो. आणि सोबतच्या नवलाला 'विस्मय' म्हणू की 'अप्रूप'?

—

'अजिंक्य'ला समोर शत्रू लागतो. 'अभेद्य' तटबंदीला, 'अवध्य' हिरण्यकशिपूला (तोही शेवटी नव्हताच). 'बेडर' माणसाने भीती बाजूला सारलेली असते. तुमच्या पोराची तिच्याशी अजून ओळखच नाही. नाम शोधत बसू नका. आपल्याकडे ही भावना वाक्यातच राहते: "मला काय होतंय!"

'अप्रूप' दुर्मिळाचं. बारा महिने आमरस मिळाला तर त्याचं अप्रूप उरत नाही. पोराला रोजच्याच मुंग्यांच्या रांगेचं नवल वाटतं, तेव्हा तिथे 'नवल'च. 'विस्मय' मुलाच्या तोंडी नको. प्रकाश नारायण संतांच्या कथांमधला छोटा लंपन 'मॅडसारखं' म्हणतो, आणि काम भागतं.

—

'विस्मय'ला इतक्यात हाकलू नका. भरताच्या नाट्यशास्त्रात उत्साह हा वीररसाचा स्थायीभाव, म्हणजे मुळाशी असलेली भावना, आणि विस्मय अद्भुतरसाचा. पुढे तो म्हणतो, 'वीराच्चैवाद्भुतोत्पत्तिः', वीरातून अद्भुत निपजतं. मुलगा आधी कुंपणावर चढतो, मग त्याला पलीकडची विहीर दिसते. दोन वेगळे शब्द कशाला, क्रम सांभाळलात तरी पुरे.

—

'कच्चा लिंबू' कसा सुचला नाही कोणाला? (लिंबू नपुंसकलिंगी, तरी सहसा 'कच्चा'च म्हणतात.) आईच्या हुकमाने धाकट्याला खेळात घ्यायचं, आणि आउट झाला तरी त्याच्यावर राज्य द्यायचं नाही. मी होतो. लपाछपीत तुळशीवृंदावनामागे अर्धाअधिक बाहेर उभा राहायचो. ताई थेट माझ्याकडे बघायची आणि पुढे जायची. मला वाटायचं, आपण दिसतच नाही. श्वाससुद्धा जोरात घ्यायचो, मुद्दाम. तुमची 'अजिंक्य' भावना ती हीच. ती मोठ्यांनी डोळे मिचकावून बहाल केलेली होती, हे फार उशिरा कळलं.

—

घेतलं! 'अजिंक्य' खोडला. शेवटही बदलतेय: त्याच्यावर पहिल्यांदा राज्य येतं, तिथेच थांबते. फक्त एक, 'राज्य आलं' सगळीकडे कळेल ना? आमच्या बाजूला 'डाव आला' म्हणतात.