जीपीकडून (फॅमिली डॉक्टरकडून) नेहमीची औषधं पुन्हा कशी मागवायची?

प्रश्न: इंग्लंडमध्ये रक्तदाबाच्या रोजच्या गोळ्या लागतात. सर्जरी (म्हणजे जीपीचा दवाखाना) फोनवर मागणी घेत नाही. मग काय करायचं?

उत्तर १: एनएचएसच्या (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या) अ‍ॅपमध्ये आधी तुमची फार्मसी नोंदवा, मग रिपीट प्रिस्क्रिप्शनमध्ये हवी तेवढीच औषधं निवडा. साधारण ७ दिवस आधी मागवलेलं बरं. सर्जरीला बहुधा कामाचे २ दिवस लागतात, फार्मसीचा वेळ वेगळा. त्यात बँक हॉलिडे (सार्वजनिक सुट्टी) आला की हमखास उशीर होतो!

उत्तर २: अ‍ॅप नको असेल तर प्रिस्क्रिप्शनच्या उजव्या बाजूच्या चिठ्ठीवर खुणा करून ती सर्जरीत द्या. औषध यादीतून गायब झालं असेल तर बहुतेक वेळा रिव्ह्यूची (औषधांच्या फेरतपासणीची) तारीख उलटलेली असते. तेव्हा मात्र सर्जरीशीच बोलावं लागतं.

उत्तर ३: गोळ्या संपत आल्या आणि सर्जरी बंद असेल, तर १११ ऑनलाइनवर (एनएचएसच्या तातडीच्या मदतीच्या वेबसाइटवर) तातडीचा पुरवठा मागा. डोस चुकवू नका.