जुन्या मिनीव्हॅनचा गळका हीटर कोर: बदललेल्यांनी लिहा

हीटर कोर म्हणजे डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटर; त्यातून इंजिनचं गरम कूलंट फिरतं आणि आत गरम वारा येतो. कोर स्वस्त, डॅशबोर्ड उघडण्याची मेहनत मात्र अफाट. त्यामुळे खात्री कशी करायची, कुठे अडतं, काय तुटतं, तेवढंच नेमकं येऊ द्या.

—

आधी गळतंय ते कूलंटच आहे ना, हे बघा. एसीची निचरा-नळी तुंबली तरी पुढचं कार्पेट भिजतं, पण ते पाणी नितळ आणि बिनवासाचं असतं. कूलंट बोटांत चोळलं की बुळबुळीत लागतं, वास गोडसर. हीटर लावला की काचेवर आतून तेलकट धुकं धरतं; फडकं मारलं तर जात नाही, पसरतं. चाखून बघायचा मोह नको, विष आहे ते. कुत्र्या-मांजरांनाही लांब ठेवा.

—

कूलंट कमी होतंय पण कार्पेट कोरडं? मग मागच्या हीटरच्या, गाडीखालून जाणाऱ्या नळ्या बघा. त्या गंजतात आणि खापर फुटतं पुढच्या कोरवर. प्रेशर टेस्टर (कूलंट सिस्टिममध्ये दाब भरून गळती दाखवणारा हातपंप) लावा, रेडिएटरच्या कॅपवर लिहिलंय त्यापेक्षा जास्त दाब देऊ नका.

—

सगळ्यात जास्त नुकसान फायरवॉलपाशी, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यापाशी होतं. वर्षानुवर्षांचा होज (रबरी पाइप) कोरच्या नळीला चिकटलेला असतो. पकडीने पिळून ओढलात तर पातळ नळी वाकते किंवा सांध्यात चिरते. होज उभा कापा आणि सालीसारखा सोलून काढा. काही मॉडेलांत या नळ्या परत वापरायच्या असतात, तिथे पात्याचा ओरखडाही उठू देऊ नका. नवे होज बहुधा १६ आणि १९ मिमीचे लागतात, तरी मोजूनच घ्या.

होज सुटले की एका नळीतून हळू हवा मारून कोर दुसरीकडून बादलीत रिकामा करा. नाहीतर उरलेलं सगळं कार्पेटवर सांडतं.

—

डॅशबोर्डला हात लावण्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह काढून १० मिनिटं थांबा, एअरबॅगसाठी. काही गाड्यांत कोर पायांकडच्या बाजूने निघतो. काहींत एसीच्या बाष्पकासकट (हवा थंड करणाऱ्या जाळीसकट) अख्खी पेटी बाहेर काढावी लागते. तसं असेल तर एसीचा गॅस आधी मशीनने काढून घ्या, हवेत सोडू नका.

—

जुन्या कोरभोवतीची फोमची पट्टी फेकू नका, निदान नवी येईपर्यंत. ती नसेल तर हवा कोरला बगल देऊन जाते आणि नवा कोर टाकूनही वारा कोमटच येतो. नळ्यांच्या सांध्यातल्या ओ-रिंग (रबरी कड्या) नव्याच टाका, बसवताना कूलंटचं बोट फिरवा. उघडलंच आहे तर गरम-थंडचा पडदा पूर्ण फिरतोय का तेही बघून घ्या.

—

भरताना कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं. गाडीचं तोंड उंचावर, हीटर पूर्ण गरमवर, कॅप इंजिन थंड असतानाच उघडलेली. थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कूलंटची वाट उघडणारी झडप) उघडेपर्यंत बुडबुडे येऊ द्या. आयडलला थंड आणि रेस दिली की गरम वारा, डॅशमागे गुळगुळ आवाज: हवा अडकली आहे, किंवा पातळी कमी आहे.

—

गळती थांबवणारी पावडर जुन्या गाडीत ओतलेली असेल तर आधी सिस्टिम धुऊन काढा. नाहीतर तोच गाळ नव्या कोरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतो.

—

कार्पेट वरून सुकलं तरी खालचा फोम भिजलेलाच असतो. ग्लायकॉल सहजी उडून जात नाही, म्हणून पंख्याने सुकवणं फोल. फोम उचला, कोमट पाण्याने दोन-तीनदा पिळून काढा, पाणी बुळबुळीत लागेनासं होईपर्यंत.